मडक्यात राखलेलं कमळ

बागेच्या मोठ्या फाटकाशी एक दगडी पाटी होती, आणि त्या पाटीवर सगळं काही साहेबानंच केलं होतं. दलदल साहेबानं बुजवली. रस्त्याच्या दोन्ही अंगांचे ताड साहेबानं लावले. जायफळ, लवंग, रबराची रोपं साहेबानं जहाजातून आणली आणि तळंही साहेबानंच खणलं. वाचणाऱ्याला वाटावं, बिचारा एकटाच कुदळ खांद्यावर टाकून आला असेल आणि काम आटोपल्यावर हातपाय धुऊन घरी गेला असेल. तळेवाली रोज सकाळी या पाटीसमोरून कामावर जायची आणि रोज तिच्याकडे बघून नाक मुरडायची.

तळेवाली म्हणजे तळ्याची राखण करणारी बाई. तिला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण बागेत ते कुणाच्या ओठी नव्हतं आणि तिलाही त्याची खंत नव्हती. बागेचा मान तळ्यामुळे आणि तळ्याचा मान परातकमळामुळे, असं ती छातीठोकपणे सांगायची. परातकमळ हे बागेतल्या माणसांनी ठेवलेलं नाव. त्याच्या पानांना परातीसारखे उभे काठ असतात आणि एकेक पान जेवणाच्या टेबलाएवढं असतं. पानावर लहान मूल बसवून फोटो काढायचा, हा साहेबांच्या काळापासूनचा शौक. कचेरीच्या भिंतीवर तसे जुने फोटो आहेत. साहेबांच्या पोरी झालरीचे झगे घालून पानावर ऐटीत बसल्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून खालून पान सावरणारं माणूस मात्र एकाही फोटोत नाही. त्याला बाजूला हो म्हणून सांगत असणार.

आता या कमळाची एक खोड आहे. एवढा त्याचा थाट, पण ते वर्षाकाठी मरतं. दरवर्षी बी पेरून नव्यानं उभं करावं लागतं. बी दिसायला वाटाण्याएवढं आणि मिजास राणीची, कारण वाळलं की मेलं. ते फळातून काढल्यापासून पेरणीपर्यंत पाण्यातच ठेवावं लागतं. एका वर्षी हयगय झाली की खेळ खलास.

लढाईच्या दिवसांत तो खलास व्हायचाच होता. साहेबलोक बाडबिस्तरा गुंडाळून बोटीत बसले आणि बागेत शत्रूचे शिपाई आले. त्यांनी गुलाबांच्या वाफ्यांत भाजी लावली, तळ्याचं पाणी सोडून दिलं आणि तळाशी लॉऱ्या उभ्या केल्या. तळेवालीची आजी, म्हणजे तिच्या आईची आई, तेव्हा बागेत खुरपणी करायची. पाणी उतरत असताना ही बाई चिखलात शिरली आणि तिनं कमळाचं शेवटचं फळ तोडून आणलं. या फळाला सुयांसारखे काटे असतात. तिचे हात रक्तबंबाळ झाले, पण बी घरी आलं आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात एका मडक्यात राहिलं. लढाई संपेपर्यंत ती परसातल्या फुटक्या हौदात दरवर्षी एक रोप वाढवायची. जागा अपुरी, पानं बशीएवढीच यायची. पण फूल लागायचं, फळ धरायचं आणि नवं बी पुन्हा मडक्यात जायचं. पुढे साहेब परतले, तळं भरलं, तेव्हा त्यात पहिलं पान उलगडलं ते या मडक्यातलं. पाटीवर याची नोंद होती ती अशी: 'युद्धकाळात अधीक्षकांच्या दक्षतेमुळे हे दुर्मीळ कमळ वाचले.' अधीक्षक त्या काळात समुद्रापार होते! तळेवालीचं नाक मुरडलं जायचं ते या ओळीपाशी.

मडकं आजीकडून आईकडे आलं आणि आईकडून तिच्याकडे, आणि मडक्याबरोबर त्याची रीतही. पाणी खराब होऊ नये म्हणून त्यात कोळसा ठेवायचा, पण तो नुसता टाकायचा नाही. त्याची भुकटी बियांवर बसते. तो चिंधीत बांधायचा आणि दोऱ्यानं मडक्याच्या तोंडाला असा टांगायचा की पाण्यात बुडेल पण बियांना टेकणार नाही. चिंधी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कपड्याची हवी, कारण नव्या कापडाची खळ पाण्यात उतरते. आणि सगळं बी कधी पेरायचं नाही. अर्धं मडक्यात ठेवायचंच.

गेल्या वर्षी बागेवर नव्या संचालक मॅडम आल्या. बागेच्या स्थापनेचा मोठा सोहळा वर्षभरावर आला होता आणि पाटी नवी करायची होती. त्या स्वतः तळ्याच्या काठावर येऊन बसल्या.

"ताई, ती लढाईतली ओळ खोटी आहे ना?"

"धडधडीत खोटी."

"मग खरं काय ते सांगा. यावेळी तुमच्या आजीची गोष्ट पाटीवर गेली पाहिजे. तेच बी आजही तळ्यात आहे, असं लिहू."

तळेवालीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं, आणि तिथंच घात झाला. आजी पाटीवर जाणार म्हटल्यावर एका तळ्यानं तिचं समाधान होईना. सोहळ्याला मोठं तळं आणि बाजूची दोन लहान तळी, अशी तिन्ही परातकमळानं भरलेली दिसली पाहिजेत, असं तिनं मनाशी घेतलं आणि मडकं रिकामं करून सगळं बी पेरलं. रोपंही अशी तरारून आली की दृष्ट लागावी. तळ्यांना नुकतंच नवं सिमेंट केलं होतं. असं तळं पाच-सहा वेळा भरून ओतून द्यावं लागतं, नाहीतर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. हे तिला ठाऊक होतं, ती स्वतःच दुसऱ्यांना सांगायची. पण तिन्ही तळी भरलेली बघायची, तिला दम निघेना. तिनं दोनदाच पाणी बदललं आणि रोपं सोडली. आठवडाभरात सगळी कुजली. आजीनं लॉऱ्यांच्या आणि बंदुकांच्या नाकावर टिच्चून राखलेलं बी नातीनं सोहळ्याच्या घाईत घालवलं.

ती कचेरीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, आजीची गोष्ट लिहू नका."

"का हो?"

"ते बी आता राहिलं नाही. आज तळ्यात आहे म्हणून लिहिलंत, तर एक खोटं पुसून दुसरं कोरल्यासारखं होईल."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेबांच्या देशातल्या एका मोठ्या बागेत हेच कमळ आहे, काचघरात. मी त्यांच्याकडे बी मागते. सोहळ्यापर्यंत पानं येतील."

"मागा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आमच्या चुलीजवळचं कमळ, आणि आता साहेबाच्या दारात हात पसरायचा!

बागेच्या मागच्या फाटकाशी तळेवालीच्या दोन खोल्या होत्या. तिथं तिची आई असायची. आईचे गुडघे गेले होते, तळ्यापर्यंत चालवत नव्हतं, पण जीभ अजून ठणठणीत होती. संध्याकाळी लेक दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"पानं केवढी झाली गं?"

"परातीएवढी," लेक पाठ फिरवून चपला काढत सांगायची.

"बरं," म्हणून आई आपल्या जुन्या गाऱ्हाण्यांकडे वळायची. त्यातलं लाडकं गाऱ्हाणं झग्याचं. लहानपणी तिला एकच चांगला झगा होता, निळ्या ठिपक्यांचा, आणि तिच्या आईनं एके दिवशी त्याची खालची पट्टी टर्रकन फाडून घेतली होती. "दोन दिवस रडले मी. एकुलता एक झगा, आणि हिला चिंधी पाहिजे!" ही गोष्ट लेकीनं शंभरदा ऐकली होती, आणि शंभरदा 'हूं' म्हटलं होतं.

बी टपालानं येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. आला तो माणूस. त्या बागेच्या काचघराचा म्हातारा माळी, उंच, काचघराच्या बुटक्या दारांतून वावरून पाठीत वाकलेला, नखांत माती. निवृत्त होण्याआधी ही बाग एकदा डोळ्यांनी बघायची होती म्हणून बी घेऊन तोच निघाला होता. मॅडमनी तळेवालीला कचेरीत बोलावलं. ती आली, पण चेहरा कोरा ठेवून, उधार मागायला आलेल्या माणसासारखी दाराशीच थांबली.

पाहुण्यानं कोटाच्या आतल्या खिशातून रुंद तोंडाची एक बाटली काढली. वाटभर अंगाची ऊब मिळावी म्हणून ती छातीशी ठेवली होती. त्यानं ती टेबलावर हलकेच ठेवली. तळाशी काळपट हिरवं बी होतं. आणि वर, पाण्यात बुडालेली पण बियांना न टेकणारी, दोऱ्यानं टांगलेली एक चिंधीची पुरचुंडी.

तळेवाली टेबलापाशी कधी आली ते तिलाही कळलं नाही.

"मॅडम, त्यांना विचारा, त्या चिंधीत काय आहे."

मॅडमनी विचारलं. "कोळसा म्हणतात."

"चिंधीत का बांधला? नुसता का नाही टाकला?"

पाहुणा हसला. मॅडम सांगू लागल्या, "ते शिकाऊ असताना त्यांनी एकदा नुसताच टाकला होता. त्यांच्या उस्तादानं हातावर सपकन छडी मारली. त्यांच्याकडे हे असंच करतात. का, ते कुणाला माहीत नाही. दुसऱ्या कुठल्याही बियांना नाही, फक्त या कमळाला."

"आणि चिंधी कसली?"

या प्रश्नावर म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग उभं राहून त्यानं कोट बाजूला केला आणि सदऱ्याचं मागचं टोक ओढून दाखवलं. ते फाटलेलं होतं. जुनंच कापड लागतं, मऊ झालेलं, नवं चालत नाही, म्हणून तो दरवेळी आपला सदरा फाडतो आणि बायकोची बोलणी खातो.

मॅडमना हसू आलं. तळेवाली मात्र खुर्ची ओढून बसली. तिला निळ्या ठिपक्यांचा झगा आठवला होता.

"त्यांना विचारा," ती कशीबशी म्हणाली, "त्यांच्याकडे हे कमळ आलं कधी?"

मॅडमनी विचारलं आणि उत्तर ऐकता ऐकता त्यांचाच आवाज बदलला. "लढाईत यांच्या काचघरावर बॉम्ब पडला. सगळी काच फुटली, थंडीनं सगळी कमळं मेली. लढाई संपल्यावर इथून परतणाऱ्या एका अधिकाऱ्यानं जहाजातून एक बाटली नेली. त्यांची सगळी कमळं त्या बाटलीतली. ताई... हे तुमचंच आहे."

तळेवाली रडली. चारचौघांत, कचेरीत, तोंडाला हात न लावता रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. पाहुण्याला मॅडमनी आजीची सगळी गोष्ट सांगितली, तसा तो वाकलेला माणूस आणखी वाकला आणि त्यानं बाटली दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातांत दिली. देणाऱ्यासारखी नव्हे, तर परत करणाऱ्यासारखी.

ती तडक घरी गेली. पाहुणा आणि मॅडम मागोमाग. आई खिडकीशी बसली होती. लेकीनं बाटली तिच्या मांडीवर ठेवली.

"आई, तुझ्या झग्याची पट्टी कशाला फाडली होती आजीनं?"

"साहेबाच्या बाटलीला. त्याच्या मुलखात कमळ उरलं नव्हतं ना. त्याला खाणाखुणा करून शिकवत होती, कोळसा असा बांध, असा टांग. तो बावळट काही केल्या गाठ मारेना. मग तिनं त्याच्या हातावर चापट मारली! साहेबाच्या! मी रडायची थांबले ती तेव्हा." आईनं बाटली उजेडात धरली. "तर आलं म्हणायचं घरी."

लेक तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तुला ठाऊक होतं? आपलं बी गेलेलं?"

"इतके दिवस पानं परातीएवढीच? वाढत कशी नव्हती गं? आणि कोनाड्यातलं मडकं पालथं घातलेलं मला दिसत नाही होय?" आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो ती बराच वेळ काढेना. "तिनं अर्धं राखलं होतं. नुसतं मडक्यात नाही, समुद्रापारसुद्धा. अशी होती ती."

मग तिनं बाटलीतली पुरचुंडी दोऱ्यानं वर उचलली, नाकाशी नेली आणि पाहुण्याकडे रोखून पाहिलं. "कोळसा किती दिवसांचा आहे हा?"

मॅडमनी विचारून सांगितलं, "ते वर्षातून एकदा बदलतात."

"वर्षातून!" आई कडाडली. "महिन्याला बदलायचा म्हणून बजावलं होतं तिनं. त्या बावळटाला खुणांत महिना कळला नसणार. मॅडम, तुम्ही ती पाटी नवी करताय ना? तिच्यावर लिहा हे, म्हणजे पुन्हा घोळ व्हायला नको."

सोहळ्याला, सहादा पाणी बदललेल्या मोठ्या तळ्यात परातकमळ उमललं. एकाच तळ्यात. अर्धं बी कोनाड्यातल्या मडक्यात होतं. नवी पाटी आता फाटकाशी आहे. तिच्यावर जहाजातून रोपं आणणारा साहेब आहे, दलदल बुजवणारी आणि तळं खणणारी माणसं आहेत, खुरपणी करणाऱ्या बाईचं मडकं आहे. आणि सगळ्यात शेवटी, इतिहासाशी कसलाही संबंध नसल्यासारखी एक ओळ आहे: 'कोळसा महिन्याला बदलावा.'

लोक वाचत वाचत तिथं येतात आणि अडखळतात. इकडंतिकडं बघतात. तळेवाली सकाळची त्याच सुमाराला तिथून जात असते, आणि आता नाक मुरडत नाही.

"कोळसा कसला हो, बाई?" कुणीतरी विचारतंच.

"चला तळ्यावर," ती म्हणते. "सांगते."