मंजूर होईल एवढंच

कात्रीबाईंनी 'पूर्ण बरे' या शब्दांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'दुखणं सोसवेल इतपत'. चिठ्ठी चर्चच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याची होती. गुडघे पूर्ण बरे व्हावेत आणि नातीच्या लग्नात आपल्याला नाचता यावं, असं त्याने देवाकडे मागितलं होतं. वय वर्षं एकोणऐंशी.

"नाचायचंय म्हणे," बाई म्हणाल्या. "आधाराशिवाय उठून उभा राहिला तरी गंगेत घोडं न्हालं."

समोर त्यांची थोरली बहीण मटार सोलत बसली होती. निम्मे दाणे भांड्यात पडत होते, निम्मे तोंडात.

"नाचू दे की," ताई म्हणाल्या. "तुझ्या पायांवर नाचणार आहे का तो?"

हे काम दर बुधवारचं. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी असेल, त्याने ती चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. बुधवारी दुपारी कात्रीबाई त्या चिठ्ठ्या घरी आणत, एका कागदावर सुवाच्य यादी करत, आणि पाचच्या प्रार्थनासभेत पाळक ती यादी वाचत. यादी करा एवढंच बाईंना सांगितलेलं होतं. मागण्या छाटा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण एकतीस वर्षं इस्पितळाच्या भांडारात काढलेल्या हाताला दुसरं काही जमत नव्हतं. वॉर्डातून बारा चादरींची मागणी आली की बाई आठ लिहीत, कारण वर आठच मंजूर होत. पुढे परिचारिका शहाण्या झाल्या आणि आठ हव्या असल्या की सोळा मागू लागल्या. मग बाई त्यांच्याहून शहाण्या झाल्या. कात्री हे नाव तिथलंच. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

मनाने वाईट होत्या असं मुळीच नाही. लाल रेघ मारलेला कागद हातात घेऊन परत जाणाऱ्या परिचारिकांचे चेहरे त्यांनी पाहिले होते. देवाच्या दारातून कोणी तसा चेहरा घेऊन परतू नये, एवढीच त्यांची इच्छा. बेतानं मागावं म्हणजे देवालाही अवघड होत नाही आणि माणसालाही, असा सगळा हिशेब.

"परीक्षेत पहिली येऊ दे," बाईंनी पुढची चिठ्ठी वाचली. "ही ती चष्मेवाली. गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात हिने." त्यांनी यादीत लिहिलं, 'परीक्षा सुरळीत पार पडावी.'

"माझी आली का हाताला?"

"तुझी काय, दर आठवड्याला तीच."

"दर आठवड्याला तीच, कारण दर आठवड्याला ती पोरगी आलेली नसते."

ताईची चिठ्ठी नेहमीसारखी मोठ्या, तिरक्या अक्षरात होती. 'माझ्या भाचीला घरी आण.' बाईंनी यादीत नेहमीसारखंच लिहिलं, 'भाची सुखरूप असावी.'

भाची म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी ती घरातून गेली, ती परत आलीच नाही. तिला पूल बांधायला शिकायचं होतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दूरचं शहर. बाईंनी तिच्यापुढे गावातल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा कागद ठेवला. हातात पडेल तेवढंच मागावं, म्हणाल्या. मुलगी भांडली, रडली, मग भांडायचीही थांबली. एका सकाळी बॅग घेऊन ती दारात उभी राहिली. चांगली दोन-तीन मिनिटं उभी होती, आई काही बोलेल म्हणून. बाईंच्या मनात पुष्कळ होतं. तोंडातून एवढंच निघालं, "पोचल्यावर कळव."

"एक विचारू?" ताईंनी शेंग मोडली. "देवाला नाही म्हणायचं असेल तर तो म्हणेल की. तोंड नाही का त्याला? त्याच्या वतीने तू कशाला आधीच नाही म्हणून ठेवतेस?"

"मी नाही म्हणत नाही. मी कमी करते."

"वा! मोठी आली कमी करणारी. त्याच्या भांडाराची किल्ली दिली वाटतं तुला?"

"तुझं काय जातंय बोलायला? तू तर बसमध्ये खिडकीची जागासुद्धा मागतेस देवाकडे."

"आणि मिळते," ताई म्हणाल्या. "कधी नाही मिळाली तर तेही त्याला सांगते."

दारावर थाप पडली. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली होती. एरवी ती कपड्यांचं गाठोडं दारातच ठेवून वळायची; आज चपला काढून सरळ आत आली आणि बाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी रागारागाने निघून गेला होता. ना पत्ता, ना ठिकाणा.

"फोन आला, बाई! सकाळी. त्याचाच आवाज. मी बरा आहे म्हणाला, काळजी करू नकोस म्हणाला."

"अगं बाई!" ताई उठल्याच. "कुठे आहे? येतोय कधी?"

"ते नाही बोलला. लगेच ठेवला फोन. मी कुठं आहेस विचारेपर्यंत कट झाला." तिने पदराने डोळे पुसले, पण ती हसत होती. "असू दे. जिवंत आहे, बरा आहे. देवाने अगदी ऐकलं. पाळकांनी वाचलं होतं ना गेल्या महिन्यात, मुलाची खुशाली कळावी. तश्शीच कळली."

कात्रीबाईंनी हात सोडवून घेतले.

"तू चिठ्ठीत काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना माहीत होतं.

"मी? मी आपलं अडाण्यासारखं लिहिलं होतं, पोराला घरी आण म्हणून. मग पाळकांनी खुशाली म्हटलं, तेव्हा वाटलं, असेल बाबा. एवढंच मागायचं असेल." ती दाराकडे वळली. "मग मीही घरी तेवढंच मागायला लागले. उगाच हावरटपणा कशाला?"

ती गेली. ताईंनी मटार सोलायला घेतले, आणि या वेळी एकही दाणा तोंडात गेला नाही.

बाईंनी चष्मा पुसला, यादी पुढे ओढली, पुन्हा बाजूला सारली. मग मोबाइल घेऊन त्या खिडकीशी गेल्या. लेकीचा निरोप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा. या महिन्याचा आला होता. 'बरी आहे. काळजी नको.' त्याखाली बाईंचं उत्तर, 'बरं वाटलं.' त्यांनी बोटाने वर सरकवलं. मागचा महिना. 'बरी आहे. काळजी नको.' 'बरं वाटलं.' त्याच्या आधीचा. त्याच्याही आधीचा. बोट सरकत राहिलं आणि सहा वर्षं त्याच सहा शब्दांत वर गेली.

गेली सहा वर्षं रोज सकाळी बाई गुडघे टेकून एकच प्रार्थना करत होत्या. जिथे असेल तिथे बरी असू दे, आणि मला कळू दे. त्यापुढे एक शब्द नाही. निरोप आला की त्या देवाचे आभार मानत आणि मनात म्हणत, बघा, बेतानं मागितलं की मिळतं. आज पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. मुलीने एकही महिना चुकवला नव्हता. देवानेही नाही. जेवढं मागितलं तेवढं दोघांनी वेळच्या वेळी पोचतं केलं होतं.

आणि आता त्या इस्त्रीवालीच्या प्रार्थनेतूनही त्यांनी तिचा मुलगा काढून घेतला होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "मला लाज वाटतेय गं."

"वाटू दे," ताई म्हणाल्या. "पावणेपाच झालेत. चप्पल घाल."

सभेला वीसेक माणसं होती. पाळक तरुण होते, आवाजाने मऊ, आणि बाईंना जरा वचकून असायचे. त्यांनी यादीसाठी हात पुढे केला. बाईंनी यादी दिली नाही. त्यांच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, वर टाचणी लावलेला.

"आज मी वाचते," बाई म्हणाल्या. "आधी एक सांगायचंय. इतके दिवस यादीत तुमचं मागणं मी कमी करून लिहीत होते. पाळकांना माहीत नव्हतं. प्रत्येकाचं, दर आठवड्याला."

कोणाला काही कळेना. शेवटी मागच्या बाकावरून पहारेकऱ्याने विचारलं,

"म्हणजे माझे गुडघे तुमच्याकडे अडकून पडले होते होय?"

दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच."

पहारेकऱ्याने थोडा विचार केला. "मग आज सोडा त्यांना पुढे," तो म्हणाला. "लग्न चार महिन्यांवर आलंय."

बाईंनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. रेघ मारलेले शब्दही वाचले. पूर्ण बरे, असं वाचलं, आणि नाचता यावं, असंही. चष्मेवाली मुलगी पहिली यावी हे वाचताना तिची आई खाली मान घालून बसली, पण मुलीने मान वर केली. इस्त्रीवालीची या आठवड्याची चिठ्ठी नव्हती. बाई तिच्याकडे पाहत, कागदाशिवायच म्हणाल्या, "हिच्या मुलाला घरी आण." इस्त्रीवालीने तोंडावर हात दाबला. मग मोठ्याने आमेन म्हणाली, एकटीच, कोणाची वाट न बघता.

शेवटची ताईची. बाईंनी ती उलगडली. चारच शब्द होते. गेली सहा वर्षं पाहिलेले, पण स्वतःच्या तोंडाने कधी न उच्चारलेले.

"माझ्या भाचीला घरी आण," त्यांनी वाचलं. कागद खाली ठेवला. "म्हणजे माझ्या लेकीला. माझ्या लेकीला घरी आण."

पाळकांनी समारोपासाठी हात वर केले.

"थांबा," कात्रीबाई म्हणाल्या. "माझं झालं नाही."

पाळकांचे हात हळूच खाली आले. बाईंनी डोळे मिटले. पुढच्या बाकाची कड धरली. एवढं मागायची सवयच नव्हती. पहिले काही शब्द तर हरकत नसेल तर, जमत असेल तर, असेच निघाले. मग त्यांनी ते मागे घेतले.

"चार दिवसांसाठी नको," त्या म्हणाल्या. "राहायला आण. आणि आली की तिला माझ्याशी भांडू दे. तिने बांधलेले पूल मला दाखवू दे. दारात उभी होती तेव्हा मी काय बोलायला हवं होतं, ते मला आता बोलू दे, आणि तिला ते ऐकू दे. आणि तिला मी आवडू दे."

मागे कोणीतरी नाक ओढलं. ताईंनी एक डोळा किलकिला करून बहिणीकडे पाहिलं आणि घाईने पुन्हा मिटला. पाळकांनी अगदी हळू विचारलं,

"बाई, आमेन म्हणू?"

"इतक्यात नको," बाई म्हणाल्या. "अजून आहे."