माझ्या टोकाला लागलेलं रक्त

मी एक जुनी रबरी नळी आहे. तीन हात लांब, बोटाएवढी जाड, एकेकाळी हिरवी आणि आता काळीकुट्ट. मित्रांनो, गोड गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, मी आज रागात आहे.

कारखान्यातून मी भल्यामोठ्या वेटोळ्यात बाहेर पडले. दुकानदाराने मला मापून कापलं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने विकत घेतलं. त्याच्या गॅरेजातल्या खिळ्यावर मी बारा वर्षं काढली. गाडीची टाकी रिकामी करायची झाली की माझं एक टोक टाकीत आणि दुसरं मिस्त्रीच्या तोंडात. त्याने एक जोराचा झुरका मारला की टाकीतलं पेट्रोल-डिझेल, आमच्या भाषेत तेल, वर चढायचं, मग ते टोक खाली डब्यात सोडायचं. गिऱ्हाइकांपुढे तो मला आपला उजवा हात म्हणायचा. तेलाचा थेंबही तोंडात जाऊ देत नाही, अशी फुशारकी मारायचा. शंभरदा गेलाय थेंब, शंभरदा थुंकलाय. तेल म्हणजे विष, ते तोंडाने ओढायचंच नसतं. पण नळीचं कोण ऐकतं?

मागच्या महिन्यात त्याची खालची दाढ काढली. गालात कापसाचा बोळा धरून तो गॅरेजात आला, मागोमाग त्याची मोठी बहीण. तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. गल्ल्यावर तीच बसते आणि मिस्त्रीला धाकात ठेवते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिने तिथल्या तिथे त्याच्या कानांवर घातलं. बोळा तासभर घट्ट दाबून धरायचा. सारखं थुंकायचं नाही, लाळ गिळायची. आज चूळ भरायची नाही. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच फिरवायचं आणि आपोआप गळू द्यायचं. मऊ खायचं, गरम नको, दुसऱ्या बाजूने चावायचं. विडी बंद. खड्ड्याला जीभ लावायची नाही, बोट तर नाहीच. आणि नळीने काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, ती जखमेचं झाकण असते. ते उडालं तर आतलं हाड उघडं पडतं.

मी खिळ्यावरून शब्द न् शब्द ऐकला. त्याने मान डोलावली. मान काय, बैलही डोलावतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का जेवायला घरी गेली होती. एका गिऱ्हाइकाने डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरून आणलं. टाकी लगेच रिकामी करून हवी होती. मिस्त्रीची दाढ दुखत नव्हती, म्हणून त्याला वाटलं आपण बरे झालो. त्याने मला खिळ्यावरून काढलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, दाढ काढलीय ना तुमची? राहू द्या."

"डॉक्टरीणबाईंनी नळीने प्यायला मना केलंय," मिस्त्री म्हणाला. "मी पितोय कुठे? ओढून सोडून देतो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! मला तोंड असतं तर तिथेच चावले असते त्याला. त्याने ओढलं. पेट्रोल आलं, पण त्याआधी खड्ड्यातली रक्ताची गाठ सुटून आली. ती त्याने थुंकली, हाताने तोंड पुसलं, टाकी रिकामी केली, मला खिळ्यावर टांगलं आणि आक्काला अवाक्षर सांगितलं नाही.

दोन दिवसांनी कळा सुरू झाल्या, पार कानापर्यंत. तोंडाला घाण वास यायला लागला. पाण्याचा घोटही घेववेना. तर या शहाण्याने काय करावं? येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला, की डॉक्टरीणबाईंना काम येत नाही, त्यांनी दाढ काढताना जबडा बिघडवला. एका बाईच्या चोख कामावर चिखल उडवत होता आणि खरं माहीत असलेली मी खिळ्यावर मुकी. आक्काने ते खरं मानलं. पदर खोचून ती भांडायला निघाली, त्याला म्हणाली, चल, तुझ्यासमोर जाब विचारते.

निघताना गॅरेज बंद करायचं म्हणून ती सामान आवरायला लागली. मला गुंडाळताना तिचं बोट माझ्या टोकाशी थांबलं. कडेला रक्त सुकलं होतं. तिने ते नखाने खरवडलं, वास घेतला आणि मला त्याच्यासमोर धरलं.

"कधी ओढलंस?"

तो म्हणाला, "एकदाच, आक्का."

"चारचौघांत त्या बाईंची अब्रू काढायला निघाले होते मी. तुझ्या एकदाच्यासाठी."

ती त्याला घेऊन गेलीच, पण भांडायला नाही. त्यानेच डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, मान खाली घालून. त्यांनी खड्डा धुतला, औषधाची पट्टी भरली. संध्याकाळपर्यंत कळा ओसरल्या, असं आक्का शेजारच्या दुकानदाराला सांगत होती. ज्या ज्या गिऱ्हाइकापुढे त्याने बाईंना नावं ठेवली होती, त्या प्रत्येकाला तिने त्याच्याच तोंडून खरं सांगायला लावलं.

मग तिने कात्री घेतली. माझं टोक वीतभर कापून फेकलं आणि कापल्या जागी हाताने दाबायचा पंप बसवला. आता मला कुणी तोंड लावत नाही.

मित्रांनो, कापल्याचं मला दुःख नाही. राग याचा आहे, की सांगणारी दोन शहाणी माणसं असताना त्या माणसाला शुद्धीवर आणायला माझ्या टोकाला रक्त लागावं लागलं. तुमचीही दाढ कधीतरी काढतील. सांगितलेलं पाळा. आणि चुकलात तर डॉक्टरांना खरं सांगा, तोंड उघडणारच आहात त्यांच्यापुढे.