खंड्यामागचा डोंगर

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. लांबट, काळी, गळ्याजवळचा रंग उडालेली. उमेदीची वर्षे मी लग्नांत नवरा-नवरीचे चेहरे टिपण्यात घालवली. मग उल्हासनगरच्या एका दुकानाच्या कपाटात धूळ खात पडले. तिथून मला पालेगावच्या विनिताने उचलले, तेही पक्ष्यांसाठी!

विनिताच्या सासूबाई मोतीबाई. काचबिंदूने त्यांची नजर पार अधू झालेली. तरुणपणी त्या भात लावत, तेव्हा बांधावरच्या खुंटावर एक खंड्या येऊन बसे. तसा खंड्या पुन्हा एकदा डोळे भरून बघावा, ही त्यांची आस. उरलेली नजरही टिकणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून सुट्टी मिळाली की विनिता मला घेऊन खरवईची शेते गाठी.

खंड्या सापडला. फोटो निघाला. विनिताने तो टीव्हीवर लावला. मोतीबाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"पाखरू कुठं हाय गो? मना तं निस्त्या बत्त्याच दिसतान."

खरेच होते. खंड्यामागे लगतच बाभळीची जाळी होती. तिच्या फटींतला उजेड माझ्यातून पांढऱ्या चकत्या होऊन उतरला होता. गवताची काडीन् काडी दुहेरी दिसत होती. त्या गर्दीत बिचारा पक्षी हरवला. मला फार लाज वाटली.

"लेन्सच भंगार आहे. बदलून टाक," विनिताचा नवरा अमित म्हणाला.

विनिताने कॉम्प्युटरवर मागचा भाग पुसट करून पाहिला, तर चोचीची कडही विरघळली. मग तिने आपले जुने फोटो उघडले आणि एका बगळ्यापाशी थबकली. "अहो, लेन्स तीच, मग हा कसा साफ आला? मागे लांबवर नुसतं पाणी आहे म्हणून!"

पुढच्या खेपेला ती बांधाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि सरळ चिखलात पालथी पडली. आता खंड्यामागे बाभूळ नव्हती. दूर, खूप दूर चंदेरीचा डोंगर होता. तिने माझे अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडले आणि इंच इंच पुढे सरकली. खंड्या भुर्रकन उडाला. तिने कोपर हलवले नाही. बऱ्याच वेळाने तो परतला, चोचीत काहीतरी घेऊन. क्लिक! मागचा डोंगर ओल्या पाटीसारखा एकसंध उमटला.

मोतीबाईंचे बोट पडद्यावर फिरू लागले. "ही लाल चोच... ही निळी पाठ... अगो, बेडकी धरलीय मेल्यानं!"

"आई, दिसतोय तुला?" अमितने विचारले.

"दिसतंय तं! तू बाजूला हो."

मित्रांनो, पावसाळ्यात मला कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांना बुरशी लागते. आणि फोटो फसला तर मला टाकण्याआधी स्वतः जरा सरकून बघा. आमच्या घरी आता सकाळच्या चहाला टीव्हीवर खंड्याच असतो. मोतीबाई त्याच्याकडे बघत बशीत चहा ओततात, आणि तो रोज तीच बेडकी खातो म्हणून त्याला रागे भरतात.