खिळ्यांचा पट्टा

सोपानने सीताफळीचा पाला दगडावर ठेचला, हिरवा गोळा मुठीत पिळला आणि रस तांब्याच्या मांडीवरच्या जखमेत सोडला. तांब्याने मान वळवून त्याचं मनगट दातांत धरलं. चावला नाही. नुसतं धरून ठेवलं, पिल्लू असताना धरायचा तसं. जरा वेळाने किडे वर येऊ लागले. सोपान ते काडीने एकेक काढून राखेत टाकत राहिला.

“किती निगालं?” त्याच्या बायकोने, साळुबाईने, चुलीपासूनच विचारलं.

“कालच्याइतकंच.”

“म्हंजी कमी न्हाईत.”

“न्हाईत.”

तांब्या तेरा वर्षांचा कुत्रा. रंग तांबूस म्हणून ते नाव पडलं आणि त्यावरून घरात बरेच घोळ झाले. पाहुणे आले की सोपान आत पाहून “तांब्या आण गं” म्हणायचा, आणि साळुबाई पाणी आणायच्या आत कुत्राच शेपूट हलवत पुढे येऊन उभा राहायचा. आता तो हाकेला कान तेवढा हलवायचा. दिवाळीनंतर मागचे पाय गेले. गोठ्याच्या छपराखाली पोत्यावर एकाच अंगावर पडून मांडीला जखम झाली, जखमेत किडे पडले. चार दिवसांपासून भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तो चाटून तोंड फिरवत होता.

आठ दिवसांपूर्वी नारायणगावहून जनावरांचे डॉक्टर गाईला बघायला आले होते, तेव्हा सोपानने त्यांना गोठ्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पाहिली, सोपानने ओठ वर करून दाखवल्या तशा तांब्याच्या हिरड्या पाहिल्या आणि उठून हात धुतले.

“बाबा, हा आता उठायचा नाही. उगाच हाल होतायत. दोन इंजेक्शनं आहेत. पहिल्याने झोप लागते, दुसऱ्याने सुटतो.”

“दुखतं का त्याला?”

“सुई टोचेल तेवढंच. पण धरावं लागेल.”

“कोण धरणार?”

“तुम्हीच. मला कुठे हात लावू देतोय तो?”

सोपानने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “इचार करून सांगतो,” म्हणाला. त्यानंतर त्याने विचार केला नाही असा दिवस गेला नाही, आणि निरोपही धाडला नाही.

त्याचा विचार फिरून फिरून एकाच जागी अडकायचा. तीन वर्षांपूर्वी साळुबाई दिवेलागणीच्या आधी बांधावर बसून गवत कापत होती. शेजारी ऊस. वाकून बसलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे तेव्हा मळ्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बिबट्या कुणी म्हणत नसे, वाघच म्हणत. वाघ उसातून निघाला तेव्हा तांब्या मध्ये शिरला. वाघाने त्याची मान धरली आणि लगेच सोडली. मानेला खिळ्यांचा पट्टा होता. वाघ तोंड झटकत उसात गेला. साळुबाईला साधा ओरखडासुद्धा आला नाही. तिचा विळा दुसऱ्या दिवशी सापडला.

तो पट्टा जुन्नरच्या अन्सारने केला होता. जाड चामडं, दोन बोटं लांबीचे खिळे आतून बाहेर काढलेले, आणि त्यांची डोकी कुत्र्याला टोचू नयेत म्हणून आतून दुसरं चामडं शिवलेलं. देताना अन्सार म्हणाला होता, “सोपानभाऊ, वाघानं तक्रार केली तर माझं नाव सांगू नका.”

पट्टा ओटीच्या खांबाला, खुंटीवर असायचा. संध्याकाळी कडुसं पडलं की तांब्या आपणहून खांबापाशी यायचा, मान उंच करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. सोपान पट्टा बांधायचा. सकाळी तो काढायचा, कारण दिवसभर बांधून ठेवला तर कालवडीला खिळे लागायचे. सोपान विसरायचा, मग चुलीपासून साळुबाईची हाक यायची. “उजाडलं. काढा त्याचा पट्टा.” पाय गेल्यापासून सोपान पट्टा घेऊन गोठ्यात जायचा, एवढाच फरक.

किडे राखेत दाबून सोपान ओटीवर येऊन बसला, तर शेजारच्या मळ्यातला गेणभाऊ तंबाखू मळत उभा होता.

“अजून हाय का तुझा वाघमाऱ्या?”

“हाय.”

“डॉक्टरला बोलीव की.”

“त्यो म्हणतो, धरायला पायजे.”

गेणभाऊने तंबाखू दाढेखाली धरली. “मग नको बोलवू. आज राती पट्टा नको बांधू.”

सोपानने वर पाहिलं.

“परवा वाघानं रामोशाच्या मळ्यातलं कुत्रं नेलं. इकडंच फिरतोय त्यो. एका घासात काम. तुला धरायचं न्हाई, टोचायचं न्हाई.”

“आन् पाप?”

“तू काय केलंस? काहीच न्हाई. न्हाई केलेल्याचं पाप लागतं व्हय, राव?”

गेणभाऊ थुंकायला अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि तसाच निघून गेला.

संध्याकाळी सोपानने धार काढली. गाईपुढे वैरण टाकली, कालवडीला आतल्या बाजूला बांधून गोठ्याचं फाटक लावून घेतलं. तांब्याचं पोतं फाटकाबाहेर, छपराखाली होतं. त्याने दुधाची थाळी तांब्यापुढे सरकवली. तांब्याने दोनदा चाटलं. मग अंधारून आलं तशी त्याने मान उंच केली आणि डोळे मिटून घेतले.

सोपान तिथेच थोडा वेळ उभा राहिला. थाळी उचलली, विसळली, पालथी घातली. दुधाची कासंडी घेऊन ओटीवर आला. खुंटीवर पट्टा होता. सोपान त्याच्या खालून आत गेला आणि दाराला अडसर घातला.

साळुबाईने अडसराचा आवाज ऐकला. तिने सोपानच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, हातांकडून तोंडाकडे पाहिलं. मग तिने ताट वाढलं. जेवताना तिने मीठ मागितलं नाही आणि त्याने कालवण वाढून घेतलं नाही. दिवा लवकर मालवला.

सकाळी चुलीपासून हाक आली नाही. सोपानने अडसर काढला.

तांब्या गोठ्यापाशी नव्हता. तो दारातच होता, खांबाला लागून, खुंटीच्या बरोबर खाली. हनुवटी ओटीच्या कडेवर टेकवलेली, मान ताणलेली, डोळे मिटलेले. सोपानला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग तांब्याचा कान हलला.

साळुबाईचे गुडघे धरल्यापासून अंगण सारवणं मागे पडलं होतं. धूळ साचली होती, आणि त्या धुळीत सगळं उमटलं होतं. गोठ्याच्या छपरापासून खांबापर्यंत दोन लांब रेघा, मागच्या पायांच्या. मध्ये मध्ये थांबल्याच्या जागा, तिथे ओलसर डाग. आणि उसाच्या बाजूने आलेली पावलं. गोल, वाटीएवढी, नखं न उमटलेली. ती सरळ तांब्यापर्यंत आली होती. दोन हातांवर थांबली होती. तिथे धूळ पसरट दबलेली होती, जनावर बसल्यासारखी. मग तीच पावलं वळून उसाकडे गेली होती.

खांबाच्या बुंध्याला, तांब्याला पुढच्या पंजाने जिथवर पोचता येईल तिथवर, लाकूड खरवडलेलं होतं.

साळुबाई दाराशी येऊन उभी राहिली. तिने धूळ पाहिली, खांब पाहिला.

“राती काय ऐकलंस का तू?” सोपानने विचारलं.

“ऐकलं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“तुमीबी जागंच व्हता,” ती म्हणाली आणि आत गेली.

सोपानने हात वर करून पट्टा काढला. ऊन अंगणात आलं होतं. या वेळी पट्टा कधी कुणाच्या गळ्यात नसायचा. त्याने ओटीच्या कडेला बसून तो तांब्याच्या मानेभोवती घातला आणि बक्कल लावलं. मान इतकी बारीक झाली होती की शेवटचं भोकही सैल पडलं. पट्टा बसला तशी तांब्याने हनुवटी ओटीवरून काढली, जमिनीवर टेकली आणि एक मोठा श्वास सोडला. बराच वेळ ताटकळलेलं माणूस अंथरुणावर पडताना सोडतं तसा.

गेणभाऊ मोटारसायकल ढकलत रस्त्याला निघाला होता. कुंपणापाशी थांबून त्याने अंगणातली पावलं पाहिली.

“आयला. वाघानंबी न्हाई घेतला?”

“नारायणगावला चाललास ना?” सोपान म्हणाला. “डॉक्टरला सांग. आजच या म्हणावं.”

“धरायला थांबू का मी?”

“नको.”

डॉक्टर आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. त्यांनी ओटीवर पिशवी उघडली, सुया काढल्या, आणि तांब्याकडे वळून थांबले.

“बाबा, तो पट्टा काढा. तुम्हालाच खिळे लागतील.”

“राहू द्या.”

“अहो, दिवसा कशाला हवाय?”

“राती बांधायचा राह्यला व्हता.”

डॉक्टरांना ते कळलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या पायावरचे केस कातरले, तिथे ओला बोळा फिरवला.

सोपान मांडी घालून बसला. डावा हात मानेखालून घातला. खिळे दंडाला टोचले, ते त्याने तसेच राहू दिले. उजवा हात तोंडाजवळ नेला. तांब्याने डोळे उघडले नाहीत, पण मनगट बरोबर शोधून दातांत धरलं.

पहिली सुई गेली तेव्हा दात जरा रुतले. मग नुसते टेकून राहिले. दुसऱ्या सुईला डॉक्टरांनी वेळ घेतला. शीर सापडत नव्हती, रक्तच उरलं नाही म्हणाले. गोठ्यात गाय एकदा हंबरली. सोपान दातांकडे लक्ष ठेवून होता. ते कधी सुटले हे त्याला समजलंच नाही. मनगटाला वारा लागला तेव्हा ते सुटलेले होते.

“झालं, बाबा,” डॉक्टर म्हणाले. “हात काढा आता.”

सोपान तसाच बसून राहिला. डॉक्टरांनी पिशवी आवरली, जरा वेळ वाट पाहिली आणि निघून गेले. मोटारसायकलचा आवाज कॅनॉलपलीकडे विरला.

बऱ्याच वेळाने साळुबाई चुलीपासून उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ओटीवर आली आणि त्याच्या शेजारी, खांबाला धरून, हळूहळू खाली बसली.

“उजाडलं,” ती म्हणाली. “काढा त्याचा पट्टा.”