वाढलेले दोन इंच

मित्रांनो, मी शिवणकामाचा एक जुना टेप आहे. माझ्या अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत आणि एका टोकाची पितळी पट्टी गळून पडली आहे. पण मला लाज वाटते ती या म्हातारपणाची नाही. म्हातारपण कुणालाच चुकत नाही. माझी लाज वेगळी आहे. ती सांगायची म्हणजे सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल.

एका कारखान्यात कापडाच्या लांब फितीवर मेणासारखा पिवळा थर चढवून मला तयार केले. त्यावर एक ते साठ आकडे छापले. बाहेर पाठवण्याआधी एका माणसाने मला पोलादी पट्टीशेजारी सरळ अंथरले, दोन्ही टोके पाहिली आणि म्हणाला, "चोख आहे." त्या शब्दाने मी इतका फुगलो, की पुढे कितीतरी वर्षे तो फुगवटा उतरला नाही.

सुया, बटणे आणि रिळे विकणाऱ्या एका दुकानातून मला एका एकोणीस वर्षांच्या मुलीने नेले. तिने नुकतीच शिलाई सुरू केली होती. घरात ती थोरली. तिच्याहून आठ वर्षांनी लहान एक बहीण होती. वडील नव्हते आणि आई आजारी असायची. म्हणजे घर थोरलीच्या पायमशीनवरच चालायचे. मशीन थांबले की चूलही थांबायची.

थोरलीचा गळा ही माझी जागा झाली. सकाळी ती मला गळ्यात टाकायची आणि संध्याकाळी खुंटीला अडकवायची. किती माणसे मोजली मी! माप देताना पोट आत ओढून घेणारे असत. त्यांना थोरली म्हणायची, "श्वास सोडा काका, सदरा तुम्हाला शिवायचाय, तुमच्या फोटोला नाही." टाचा उंचावणारी मुले असत, "जरा सैलच ठेवा हं" म्हणणाऱ्या बायका असत. सगळ्यांचे आकडे एका वहीत उतरत. कपडे असे बसत, की लोक म्हणत, "बाईंच्या हातात माप आहे." त्यावर थोरली मला चिमटीत धरून म्हणायची, "हातात नाही, टेपात आहे. माझा टेप कधी खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेल. पहिली काही वर्षे ते खरे होते.

मित्रांनो, कापडाचा टेप रोज ताणला जातो. बोटांना गुंडाळतात, खेचतात, गरम इस्त्रीखाली तो चुकून सापडतो. धाकटीने तर लहानपणी एकदा मला दोरी समजून उड्या मारल्या होत्या, आणि पाठीत दोन धपाटे खाल्ले होते. "वेंधळी कुठली!" थोरली ओरडली होती. ते नाव धाकटीला चिकटले ते चिकटलेच. पण त्या उड्यांनी मी वाढलो नाही, हे इथे सांगायलाच हवे. मी वाढलो तो रोजच्या कामाने, दरवर्षी केसभर.

तरी एकही कपडा बिघडला नाही. त्याचे कारण सोपे आहे. खरी छाती छत्तीस इंच असली तर मी ताणलेला टेप पस्तीस सांगायचो. मग थोरली माझ्यावरच पस्तीस मोजून कापड कापायची, आणि ते पस्तीस खरे छत्तीसच असायचे. चूक चुकीला झाकत होती. माप घेणारा मी आणि कापड मोजणाराही मीच. माझी चोरी पकडणार कोण?

एकदा एका सुताराने ती जवळजवळ पकडली होती. थोरलीने त्याच्याकडून कापड कापायचे मोठे टेबल करून घेतले. साठ इंच लांब हवे, असे बजावले. टेबल आले. तिने मला त्यावर अंथरले आणि भुवई उडवली.

"मिस्त्री, हे अठ्ठावन्नच भरतंय. दोन इंच कुठं मारलेत?"

सुताराने खिशातून आपला पोलादी टेप काढला. "हे बघा बाई, साठ. तुमचाच टेप सैल झालाय."

"वीस वर्षांत माझा एक कपडा परत आला नाही," थोरली म्हणाली. "लाकूड परत आणायला लोकांना जड जातं, म्हणून तुमचं चालतं."

सुतार हसला, खांदे उडवले आणि गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले. पोलादी टेप खोटे बोलणार नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? पण संध्याकाळी थोरलीने मला नेहमीसारखे हलकेच खुंटीला अडकवले, आणि मला बरे वाटले. ते बरे वाटणे आठवले, की आजही अंग आक्रसते.

त्यानंतर दहा वर्षे गेली. आई गेली. लोक तयार कपडे घेऊ लागले आणि थोरलीकडे नुसती दुरुस्तीची कामे येऊ लागली. कुणाची चेन बदल, कुणाची विजार आखूड कर. धाकटी दूरच्या एका गावात सिनेमाच्या थिएटरात तिकिटे द्यायची. ते थिएटर बंद पडले आणि एक दिवस ती दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली.

आठवड्याने एका दुपारी ती म्हणाली, "ताई, तुझ्या हातातलं दुसऱ्यांना शिकव की. नवशिक्यांसाठी वर्ग काढू. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही, अशांसाठी."

"आणि मांडामांड कोण करणार?"

"मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच विचारतेय," थोरली म्हणाली. पण तिचे डोळे हसत होते.

मग जी तयारी सुरू झाली, तशी लगबग त्या घरात मी कधी पाहिली नव्हती. पुढची खोली रिकामी झाली. बंद पडलेल्या एका कारखान्यातून सहा जुनी मशिने आली. धाकटीने एकेक उघडून त्यातला चिकट कचरा दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला, तेल घातले आणि पट्टे बदलले. वहीचे रेघी कागद आणून प्रत्येक मशीनवर बिनदोऱ्याची सुई रेघेवरून चालवून पाहिली, कारण नवशिक्यांना पहिला धडा तोच द्यायचा होता. "नवशिक्यांसाठी शिवणवर्ग" अशी पाटी तिने तीनदा लिहिली, कारण दोनदा "शिवण"मधला "ण" जागेत बसला नाही. "वेंधळे, आधी मोजून घ्यावं!" थोरली म्हणाली आणि दोघी हसल्या. धाकटीने सहा कात्र्या, सहा खडू आणि सहा नवे कोरे टेपही आणले.

सहा बायकांनी नावे घातली. त्यांत एक बेकरीवाली होती. तिचे हसू तिच्याआधी खोलीत यायचे. एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. थोरलीने मला वापरून सगळ्यांची मापे घेऊन वहीत लिहिली. ठरले असे, की प्रत्येकीने आधी स्वतःसाठी एक साधा बिनबाह्यांचा टॉप शिवायचा. कापडासाठी थोरलीने ट्रंक उघडली आणि निळ्या कापडाचे अख्खे थान काढले. ते आईने हौसेने घेऊन ठेवले होते आणि तिच्या हयातीत कधी कापले गेले नव्हते.

"कापशील तू?" थोरलीने विचारले. "माझे गुडघे आता टेबलाशी उभं राहू देत नाहीत. छातीच्या मापात दोन इंच सैल धर आणि शिलाईसाठी कडेला पाव इंच माया सोड."

धाकटीने मान हलवली. त्या घरात तिच्या हाती कात्री आणि आईचे कापड पहिल्यांदाच येत होते.

मी थोरलीच्या गळ्यात होतो, म्हणून धाकटीने नवा टेप घेतला. मी पाहत होतो. तिने प्रत्येक रेघ तीनदा मोजली. आकडा वहीत पाहायचा, मोजायचे, खडू टेकवायचा, पुन्हा मोजायचे, श्वास रोखायचा, पुन्हा मोजायचे आणि मगच कात्री लावायची. दोन दिवस लागले तिला. तिचे काम चोख होते. हा शब्द मी उगाच वापरत नाही. पण वहीतले आकडे माझे होते आणि रेघा नव्या टेपाच्या. माझ्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच दोन वेगळे टेप एका कपड्यावर आले होते, आणि काय होणार ते मला दिसत होते. टेपाला तोंड नसते.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बायका खोली पाहायला आल्या. धाकटीने टॉप कच्च्या टाक्यांनी जोडून ठेवले होते. बेकरीवालीने पहिला घातला. तो डोक्यातून गेला आणि छातीशी अडकला. आतून तिचा आवाज आला, "अहो, मी वर जाऊ की खाली?" सगळ्या हसल्या. मास्तरीणबाईंचा अंगात गेला, पण हात वर होईना. मग तिसरी, चौथी. हसू हळूहळू बंद झाले. सहाही टॉप तंग आणि आखूड होते.

थोरलीने बेकरीवालीचा टॉप टेबलावर पसरला. वही उघडली. "साडेत्रेचाळीस आणि दोन, साडेपंचेचाळीस हवं." मग तिने मला गळ्यातून काढले आणि कापडावर अंथरले.

मित्रांनो, हीच ती वेळ. मी चव्वेचाळीस दाखवले.

"चव्वेचाळीस," थोरली म्हणाली. "दीड इंच गेला कुठं? बघ, तूच बघ."

धाकटीने वाकून पाहिले. माझा आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिचा चेहरा उतरला.

"आईचं थान होतं ते," थोरलीचा आवाज चढला. "लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच राहिलीस. सिनेमाची तिकिटं फाडणं वेगळं आणि कापड फाडणं वेगळं!"

सहा परक्या बायकांसमोर हे बोलणे झाले. कुणाला कुठे पाहावे कळेना. धाकटीने टॉप गोळा केले, एकेक घडी घातली आणि म्हणाली, "माझंच चुकलं, ताई."

तिला खोटे ठरवणारी साक्ष मी दिली होती. ज्या आकड्यांना थोरली कधी खोटे मानत नसे, त्याच आकड्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वयंपाकघरातच बसून राहिली. "मी नको," एवढेच म्हणाली. कपडे धुण्याच्या दुकानात काम मिळेल का, ते ती विचारून येणार होती. थोरली एकटीच वर्गात आली. तिचा चेहरा ओढलेला होता, पण तिने बायकांना नवे टेप वाटले आणि धडा सुरू केला.

"टेप ताणायचा नाही, सैलही सोडायचा नाही. आधी हे टेबल मोजा. मी सांगते किती आहे ते, अठ्ठावन्न इंच."

बायका मोजू लागल्या. बेकरीवालीने पुन्हा मोजले. मग चाचरत म्हणाली, "बाई, माझा टेप साठ म्हणतोय."

"नीट धरा."

"माझाही साठच," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझाही."

सहा आवाज साठ म्हणाले. थोरलीने मला गळ्यातून काढले आणि एका नव्या टेपाशेजारी सरळ ठेवले. नवा संपला. माझे दोन इंच पुढे उघडे पडले होते.

थोरलीने बोटाने ते दोन इंच चाचपले. मग तिने बेकरीवालीचा टॉप नव्या टेपाने मोजला. साडेपंचेचाळीस, एक सूतही कमी नाही. ती मटकन स्टुलावर बसली. तिला वाटले असते तर ती मला खिशात घालून "टेबलाचं मी विसरले" म्हणू शकली असती. थोडा वेळ तिने मला मुठीत गच्च धरले, आणि मला वाटते तिच्या मनात ते आलेही असावे. मग ती उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मुठीत होतो.

"माझा टेप वाढलाय," ती दारातूनच म्हणाली. "तू बरोबर कापलं होतंस."

धाकटीने मान वर केली. मग म्हणाली, "तीनतीनदा मोजलं होतं ग मी."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तू चुकलं म्हणालीस, म्हणजे चुकलंच असणार, असं वाटलं."

थोरली तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मग तिने धाकटीचा हात धरला आणि तिला वर्गात घेऊन आली. सहाही बायकांसमोर ती म्हणाली, "काल मी तुमच्यासमोर हिला बोलले, म्हणून आज तुमच्यासमोरच सांगते. हिचं कापणं बिनचूक होतं. चूक माझी. दहा वर्षांपूर्वी एका सुतारानं मला सांगितलं होतं, तेव्हा मी त्यालाच चोर ठरवलं." बेकरीवालीने पाण्याचा पेला पुढे केला आणि इकडेतिकडे न पाहता म्हणाली, "आता आमच्या टॉपांचं काय ते बघा बाई. मला तर आत जायचंय त्यात."

टॉप उसवले. माया थोडी सुटली, पण पुरली नाही. मग दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या. त्या नवशिक्यांचा पहिला धडा रेघी कागदावर झालाच नाही. तो कपडा सावरण्याचा झाला, आणि तो त्यांना धाकटीने शिकवला. चार दिवसांनी थोरली सुताराकडेही जाऊन आली.

सगळे नीट झाले, असे मी म्हणणार नाही. धाकटी अजूनही कापण्याआधी ताईकडे एकदा पाहते. कात्री लावताना तिचा हात क्षणभर थांबतो. दोन इंचांची चूक शिलाईत भरून निघते, पण माणसाच्या मनात गेलेली तशी निघत नाही.

थोरलीने मला टाकले नाही. नवी तुकडी आली, की पहिल्या दिवशी मला नव्या टेपाशेजारी अंथरतात. बायका वाकून पाहतात, "अगंबाई!" म्हणून हसतात. मी रोज उघडा पडतो. ते मला मान्य आहे.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा फार विश्वास आहे, त्याला अधूनमधून तपासून पाहा. त्यात त्याचा अपमान नसतो. मला कुणी वेळेवर तपासले असते, तर धाकटीला ते बोलणे ऐकावे लागले नसते. आणि तुम्ही तीनदा मोजले असेल, तर समोर कितीही मोठे माणूस असो, तेवढे एक वाक्य मोठ्याने सांगा. मला खरे सांगता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.