भुलाबाईखालचा टीव्ही

मित्रांनो, पोरी जिच्यापुढे गाणी म्हणतात ती मातीची भुलाबाई यंदाही माझ्याच डोक्यावर बसली आहे. शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, आणि खाली मी, दर्यापूरच्या वामनरावांचा जुना टीव्ही, सरकत्या लाकडी दारांचा. माझ्या काचेवर चित्र उमटणं केव्हाच थांबलं. डोळे-कान मात्र शाबूत आहेत, आणि या कानांनी जे ऐकलं त्याचा मला अजून वीट येतो.

वामनरावांनी मला अकोल्याहून आणलं तेव्हा एसटीत मला सीट मिळाली आणि ते स्वतः उभे राहिले. घरी त्यांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, मला कुंकू लावलं. कपाशीचे भाव, बातम्या, कुस्त्या, जे आलं ते मी इमानेइतबारे दाखवलं. सारी गल्ली माझ्यापुढे मांडी घालून बसायची. ते दिवस खरंच सुखाचे होते.

मग रविवारची एक विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यात बोलताना अडखळणारा एक नोकर होता. तो अडखळला, की मालक त्याच्या पाठीत थाप मारून ओरडायचा, "अडली गाडी, मारा धक्का!" लगेच माझ्या स्पीकरमधून हसण्याचा लोंढा यायचा. ते हसणं आधीच भरून ठेवलेलं असे. त्यात एक बाई किंचाळून हसायची, दर रविवारी तीच, तस्संच. त्या बाईने मालिका बघितलीही नसेल. मला शिसारी यायची, पण टीव्हीला तोंड फिरवता येत नाही.

वामनरावांची चंदा तेव्हा लहान होती. तीही शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडायची. गाताना मात्र कधीच नाही. भुलाबाईच्या गाण्यांत तिचा आवाज सगळ्या पोरींच्या वर चढायचा. गाणी झाली, की खाऊ ओळखण्याची रीत. पार्बताबाई बंद डबा खळखळ वाजवायच्या आणि आत काय आहे ते पोरींनी सांगायचं. त्या वर्षी चंदाची पाळी आली आणि ती "खा... खा..." वर अडली. सगळी ओसरी एका सुरात ओरडली, "अडली गाडी, मारा धक्का!" एकीने खरंच पाठीत थाप घातली, मग दुसरीने. वामनराव डोळे पुसत हसत होते. आपल्याच लेकीला हसणाऱ्या त्या भल्या माणसाची मला त्या दिवशी किळस आली.

पुढच्या भुलाबाईला चंदा पोरींत बसली, पण तिने तोंड उघडलं नाही. गाण्यालाही नाही. काहून गात नाही, असं तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

पुढे रंगीत टीव्ही आला आणि मी कोपऱ्यात गेलो. वामनराव गेले, पार्बताबाई गेल्या. माझ्यावर वर्षभर धूळ आणि भुलाबाईपुरतं फडकं, एवढाच काय तो मान उरला.

काल कोजागिरी. चंदा माहेरी आली होती. तिचा धाकटा भाऊ देवानंद याने दिवेलागणीला भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर नेमकी तीच मालिका लावली.

"पाह्य बाई, कसा साफ विनोद होता! आताच्या लोकायले कायचाबी राग येते."

स्पीकरमधून तीच बाई किंचाळली. साफ म्हणे! साफ त्याला वाटतो, ज्याच्या पाठीवर थाप पडली नाही.

देवानंदची मुलगी आकांक्षा आत्यासारखीच अडखळते आणि आत्यासारखीच खणखणीत गाते. काल ती माझ्यापुढे बसून गायली. गाणी संपली. तिच्या आईने, रागिणीने, डबा वाजवला.

"शे... शे..." आकांक्षा अडली.

देवानंद मालिकेच्याच तंद्रीत होता. हसत त्याने हात उचलला. "अडली गाडी, मारा..."

चंदाने तो हात वरच्यावर धरला.

"खा-खाली घे, देवा."

"बाई, मी त गंमत करून राहिलो."

"तुले गंमत. मा-माहं गाणं गेलं त्या थापेनं. तिचं न-नाई जाऊ द्याची मी. थांबा जराक सगळे."

देवानंदचा चेहरा उतरला. त्याने टीव्ही बंद केला. किंचाळणारी बाई मधेच तुटली, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. सगळे थांबले. रागिणीने डबा मांडीवर ठेवला.

"शे... शे... शेवेचा चिवडा!"

रागिणीने झाकण काढलं. आत खोबरं-साखर होती. "चुकलं!" पोरी ओरडल्या, आणि सर्वांत आधी, सर्वांत मोठ्याने आकांक्षाच हसली.

मित्रांनो, हसा. चुकलेल्या खाऊवर पोट धरून हसा. पण कुणाचा शब्द अडला, तर हात आवरा आणि थांबा. तो वाटेत असतो, येतोच. मला उद्या भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. एवढं मात्र ऐका.

खाऊ वाटून झाल्यावर पोरींनी आणखी एक गाणं धरलं. चंदा माझ्या दाराला टेकून बसली होती. तिला सगळं गाणं पाठ होतं. ओठ शेवटपर्यंत हलत होते, पण आवाज आला नाही.