हिरेचोर आधी पकडला जातो

डिंकमामाने बांधलेलं एक पुस्तक म्हणे पुरात वाहून गेलं आणि येताना बुडणाऱ्या दोन माणसांना धरून काठाला घेऊन आलं. तिसराही हात मारत होता, पण त्याला वाचनाची आवड नव्हती.

अशा बाइंडरवर स्वतःचीच बांधणी तोडायची पाळी आली.

झालं असं, की त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, बारीक अक्षर दिसेनासं झालं. हिरेचोराची जाडजूड कादंबरी म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि ती पुन्हा कधी छापलीच गेली नव्हती. ताईच्या लेकीने तोडगा काढला.

"पानं स्कॅन करू, ई-रीडरवर घालू. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. फक्त मामा, पुस्तकाची पाठ कापावी लागेल."

"त्यापेक्षा माझी काप!" मामा कडाडला.

पण खिडकीशी ताई भिंग घेऊन मघापासून एकाच ओळीवर अडली होती. ते पाहिलं आणि मामाचं अवसान गळालं. तरी सुरी नको म्हणाला, शिवणच उसवायला घेतली, तीही इतक्या हळुवार हाताने, की भाची म्हणाली, "मामा, भूल दिलीयत का तिला?"

सुटे झालेले दुमडलेले कागद त्याने बाइंडरच्या सवयीने उलगडले आणि तसेच आडवे काचेवर पसरले. यंत्राने एकेका कागदाची मधोमध दोन पानं केली, वरचे पानांचे आकडे गाळले. भाचीनेही काही तपासलं नाही.

ताई वाचायला बसली, आणि थोड्याच वेळात डोळे पुसत हाका मारू लागली. मामा धावला.

"डिंक्या! अरे, तुझा चोर आधी पकडला जातो, मग चोरी करायला निघतो! पिस्तूल रोखतो काय, आणि पुढच्याच ओळीत आत्याबाईंच्या लग्नाला होकार देतो काय!"

मामाचा चेहरा पडला. आता कुठे लक्षात आलं. उलगडलेल्या कागदावर पहिल्या पानाशेजारी दुसरं नसतंच, असतं सोळावं. कागद दुमडून एकात एक घातल्यावरच ती ओळीने लागतात. बाकी कुणी ही चूक केली नसती.

"ताई, आजच नीट लावून देतो गं."

"हात तर लावून बघ! इतकी वर्षं पुढचं सगळं पाठ होतं मला. आज पान उलटताना छातीत धडधडलं बघ!"

मग भाचीने नीट लावलेली प्रत स्वतःसाठी करून घेतली. मामाने मूळ पुस्तक पुन्हा असं शिवलं, की आता पूर आला तर तिसऱ्यालाही घेऊन येईल.

जन्मभर पुस्तकं बांधली, पण त्यातली ओळ वाचायला मामाला कधी फुरसत झाली नव्हती. आता तो ताईच्या खुर्चीशी मांडी ठोकून ऐकत बसतो.

"मग? पुढे काय झालं?"

"दम धर रे," ताई बटण दाबत म्हणते, "अजून मागचं यायचंय!"